वडशाच्या पुढचं तिबेट

चांदा फोर्टहून गोंदियाकडची गाडी पकडा. वाटेतलं वडसा म्हणजे झाडीपट्टी नाटकांची पंढरी. धान निघालं की रात्रभर प्रयोग, आणि पब्लिक पहाटेपर्यंत हलत नाही! आपण मात्र पुढे, अर्जुनीला उतरायचं. गडचिरोलीची हद्द संपते, जंगल काही संपत नाही. गोठणगाव-प्रतापगडजवळ एकदम तिबेटी गाव लागतं: नॉर्ग्येलिंग, १९७२ सालची निर्वासितांची वसाहत.

इथल्या तरुण पोरांनी तिबेट फक्त आजीच्या तोंडून ऐकलाय. तो पडद्यावर आणणारा दिग्दर्शक पेमा त्सेदेन ८ मे २०२३ ला गेला, अवघ्या ५३ व्या वर्षी. त्याची आठवण जागवायची तर इथेच, भिंतीवर चादर ताणून, सगळ्या गावासोबत त्याचा सिनेमा बघावा. कुठला? माझं मत ‘द सायलेंट होली स्टोन्स’ला (२००५). लोसारला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, घरी आलेला छोटा लामा टीव्हीच्या असा प्रेमात पडतो की व्हीसीडी प्लेअर थेट मठातच न्यायचा म्हणतो! बोली आम्दोकडची आहे. आजीला काही शब्द अडतील, पुणेकराला झाडीबोली अडते तसे. डोंगर ओळखायला मात्र सबटायटल्स लागणार नाहीत.