बंड्याचा डबा

कुत्रा पाळणाऱ्याला लोक विचारतात, 'ब्रीड कुठली?' मांजर पाळणाऱ्याला विचारतात, 'नाव काय?' पाल पाळणाऱ्याला मात्र एकच प्रश्न असतो, 'का?'

त्याचं उत्तर देता येतं हो. खरी पंचाईत होते ती पुढच्या प्रश्नाला, 'आणि ती खाते काय?' कारण मी पक्की शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का, हे दोनदा विचारून घेणारी. आणि माझ्या जर्सी सिटीच्या वन बेडरूम फ्लॅटमध्ये कपाटाच्या खालच्या कप्प्यात शंभरेक झुरळं आणि त्याच्या दुप्पट अळ्या आहेत. मुद्दाम पोसलेल्या!

आधी बंड्याची ओळख करून देते. बंड्या हा लेपर्ड गेको. पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके, जाडजूड शेपूट. भिंतीवरच्या आपल्या पालीचा लांबचा भाऊबंद, पण याला भिंतीवर चढता येत नाही. बोटांना त्या चिकटणाऱ्या गाद्याच नाहीत. उलट घरातल्या पालीला नसतात त्या पापण्या याला आहेत, त्यामुळे हा चक्क डोळे मिटून झोपतो. मूळ मुलूख अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातला खडकाळ, कोरडा भाग. १८५४ मध्ये एडवर्ड ब्लाइथ यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. अमेरिकेत मात्र तो कित्येक पिढ्या माणसाळलेला, पाळीव जोड्यांपासूनच जन्मलेला मिळतो. (याच कुळातली एक पाल आपल्या महाराष्ट्रातल्या रानातही आहे. तिला तिच्या दगडाखाली सुखाने राहू द्या. रानातून पकडून आणायची ही चीज नाही.)

माझी रूममेट नोकरी बदलून वेस्ट कोस्टला गेली आणि काचेच्या टाकीसकट बंड्या माझ्याकडे आला. नीट सांभाळला तर गेको १५ ते २० वर्षं जगतो. म्हणजे माझ्या व्हिसापेक्षा कितीतरी जास्त!

आता मुद्द्याचं, म्हणजे जेवणाचं. गेको हा शंभर टक्के कीटकभक्षी. भात, कोबी, फळं, काही म्हणजे काही चालत नाही. त्यातही समोरचं हललं तरच त्याला ते अन्न वाटतं. पिल्लांना रोज द्यावं लागतं, मोठ्याला दोन-तीन दिवसांनी. किडा किती मोठा असावा? त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नको. आणि टाकीचा एक कोपरा ३१ ते ३३ अंशांवर गरम हवाच. ती ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचतच नाही.

सुरुवातीला मी दुकानातून रातकिडे आणायचे. पण रातकिड्याचा नर पंखावर पंख घासून जी किरकिर करतो ना... रात्री दीडला लॅपटॉप उघडून प्रॉडक्शनमधला घोळ निस्तरायला बसलं की ते पार्श्वसंगीत डोक्यात जातं. शिवाय वास. शिवाय उड्या. आणि न खाल्लेला रातकिडा टाकीत राहिला तर तो रात्री गेकोलाच चावे घेतो. मग ऑनलाइन मागवून पाहिले. जानेवारीच्या थंडीत पार्सल आलं, तेव्हा निम्मे मेलेले. तेव्हाच ठरवलं, आता घरीच पिकवायचे.

अळ्या पाळणं सगळ्यात सोपं. प्लास्टिकचे तीन ड्रॉवर, त्यात गव्हाचा कोंडा, वर गाजराच्या चकत्या. पाण्याची वाटी ठेवायची नाही, किडे त्यात बुडतात. गाजरातलं पाणी त्यांना पुरतं. अळीचा कोष होतो, कोषातून काळा भुंगा निघतो, भुंगा कोंड्यात अंडी घालतो. हे सगळं चक्र साधारण तीन-चार महिन्यांचं. कोष मात्र वेळेवर वेगळे काढायचे, नाहीतर भुंगे ते कुरतडतात. आणि अळ्या फार झाल्या तर डबा सरळ फ्रिजमध्ये! थंडाव्यात त्यांची वाढ जवळजवळ थांबते.

आणि झुरळं. थांबा, पान उलटू नका! ही डुबिया नावाची, मूळची दक्षिण अमेरिकेतली. गुळगुळीत प्लास्टिकवर त्यांना चढता येत नाही, आवाज नाही, वास फारसा नाही. मादी सरळ पिल्लंच देते, एका वेळी वीस-तीस. त्यांना ऊब लागते, म्हणून डब्याला बाहेरून हीट पॅड आणि आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. ती ऊब नसेल तर त्यांची वीण होत नाही, त्यामुळे एखादं निसटलंच तरी थंड घरात त्याचा संसार थाटला जात नाही.

द्यायच्या आधी आणखी एक काम. किड्यांमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी. नुसते किडे दिले तर गेकोचं शरीर स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. म्हणून किडे कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचे, वड्याला पीठ लावतात तसे. खिडकीत सापडलेला किडा द्यायचा मोह टाळायचा, त्याच्यावर कुठलं औषध मारलंय काय ठाऊक. काजवा तर नाहीच नाही. एखाददुसरा काजवाही पालींचा जीव घेऊ शकतो.

तुम्ही म्हणाल, सगळं छान आहे, पण शाकाहाराचं काय? मीही हेच विचारते स्वतःला. दुकानातून डबा आणत होते तोवर हा प्रश्न बोचत नव्हता. पार्सल उघडा, वाढा, संपलं. आता मी त्या अळीला अंड्यापासून ओळखते. तिचा कोष मीच अलगद उचलून ठेवते. आणि मग त्यातल्याच सहा निवडून चिमट्याने बंड्यासमोर धरते. दर वेळी हात क्षणभर थांबतो. तो थांबायचा बंद झाला तर मला माझीच भीती वाटेल.

एवढं मात्र कळलंय, की किड्याला जे वाढू तेच शेवटी बंड्याच्या पोटात जातं. म्हणून द्यायच्या आधी दिवसभर तरी किड्यांना चांगलं खायला घालायचं असतं. गाजर, लाल भोपळा, हिरव्या भाज्या. उपाशी, मरगळलेला किडा बंड्याच्याही उपयोगाचा नाही. त्यामुळे त्या डब्यांतला जीव जितके दिवस आहे तितके दिवस नीट जगतो. हिशेब यानं चुकता होत नाही, ठाऊक आहे मला. पण कंजुषीही होत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई आली. तिनं ड्रॉवर उघडला आणि म्हणाली, "अगं, जन्मभर चाळणीनं पिठातल्या अळ्या काढल्या मी. आणि तू अळ्यांसाठी कोंडा चाळतेस?" पाल अंगावर पडली की काय होतं, हे पंचांगात बघणाऱ्या घरातली ती. पहिले पंधरा दिवस टाकी असलेल्या खोलीत आलीच नाही. मग एकदा दारातूनच म्हणाली, "मेला डोळे मिटून झोपतो की!"

त्यातच मला आठवडाभर क्लायंटकडे डॅलसला जावं लागलं. इथं दुसरं कोण आहे? सगळं कागदावर लिहून, धडधडत्या छातीनं निघाले. चौथ्या दिवशी आईचा फोन.

"आज एकादशी आहे. आज नाही हं मी कुणाचा जीव घ्यायची. उद्या दिलं तर चालेल का त्याला?"

मी हिशेब केला. परवा खाल्लेलं होतं, शेपटीत चरबी साठवलेली. मोठ्या गेकोला एक दिवस म्हणजे काहीच नाही. "चालेल गं," म्हटलं. "आणि किड्यांचं काय?"

"त्यांना सकाळीच घातलं. भोपळा किसून. त्यांची कसली आलीय एकादशी!"