मागच्या सीटवरून भिलाई

परदेशी स्थायिक झालेली माझी भाची काही महिन्यांपूर्वी व्हिएतनामला जाऊन आली आणि तिथल्या अनुभवांचे एक लांबलचक पत्र तिने मला धाडले. हो ची मिन्ह शहरात, म्हणजे पूर्वीच्या सायगावात, पाहुण्यांना स्कूटरच्या मागच्या सीटवर बसवून शहर दाखवणारे वाटाडे असतात. तिथे भाड्याच्या दुचाकीला 'से ओम' म्हणतात आणि त्याचा शब्दशः अर्थ 'मिठी मारायचे वाहन' असा होतो, हेही तिने कळवले. पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता. "मामा, तुम्ही इतकी वर्षे शासकीय नोकरीत काढलीत. एखादे शहर असे मागच्या सीटवरून कधी पाहिलेत का?"

पाहिले आहे; मात्र एकदाच. ते शहर भिलाई. त्या एका सकाळीमुळे माझ्या हातची एक कार्यालयीन टिप्पणी बदलली, म्हणून ती हकीकत इथे नोंदवून ठेवतो.

डिसेंबर २००८ मधली गोष्ट. दुर्ग जिल्ह्यात माझी नेमणूक होऊन चारेक महिने झाले होते. माझ्यासमोर एक नस्ती आली होती. पॉवर हाऊस भागात महामार्गालगत रोज सकाळी रोजंदारीच्या मजुरांची गर्दी होते, तिच्यामुळे वाहतुकीला अडथळा होतो, सबब मजुरांना तिथून हलवून सुमारे दोन किलोमीटरवरच्या मोकळ्या शासकीय जागेत पत्र्याची शेड बांधून द्यावी, असा तो प्रस्ताव. सोबत नकाशा होता. नकाशावर सारे अगदी सोपे दिसत होते. मी शासकीय गाडीतून दुपारी बारा वाजता स्थळपाहणीही केली होती. त्या वेळी तिथे एकही मजूर नव्हता, ही बाब मला खटकायला हवी होती. ती खटकली नाही. अनुकूल अभिप्रायाची टिप्पणी लिहून तयार होती, फक्त सही बाकी होती.

त्याच सुमारास तिथल्या मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमात एका वयस्क गृहस्थांची ओळख झाली. ते भिलाई इस्पात संयंत्राच्या रेल मिलमधून निवृत्त झालेले. मूळचे गोंदियाकडचे; वडील कारखान्याची उभारणी चालू असताना खलाशी म्हणून आले आणि इथलेच झाले. बोलता बोलता मी म्हणालो, की मला भिलाई आता बरीच माहीत झाली आहे. त्यावर ते हसले. म्हणाले, "साहेब, गाडीची काच वर असते तोवर भिलाई दिसत नाही. उद्या पहाटे साडेपाचला तयार राहा. मी स्कूटर घेऊन येतो."

काका खरोखरच आले. बजाज चेतक होती. स्कूटर एका अंगावर कलती करून, दोन किका मारून त्यांनी ती सुरू केली आणि मी कानटोपीवर हेल्मेट चढवून मागे बसलो. थंडी कडाक्याची होती. सेक्टर १० मधून निघून आम्ही सेंट्रल अॅव्हेन्यूला लागलो. रुंद रस्ता, दुतर्फा मोठी झाडे, मागे ओळीने बसकी घरे. एरवी झोपलेला वाटणारा तो रस्ता त्या वेळी सायकली, स्कूटर आणि मोटारसायकलींनी वाहत होता. सकाळची पाळी सहाला सुरू होते आणि रात्रीची त्याच वेळी सुटते. मुख्य प्रवेशद्वाराशी दोन्ही प्रवाह समोरासमोर येतात. आत जाणाऱ्यांचे चेहरे मफलरमध्ये गुंडाळलेले, बाहेर पडणाऱ्यांचे रात्रभराच्या धगीने सुकलेले. काका मात्र त्या गर्दीतून अशा सहजतेने वाट काढत होते, की मी घट्ट धरून बसण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो. भाचीच्या पत्रातला 'मिठी मारायचे वाहन' हा शब्द वाचला, तेव्हा मला ती सकाळ आठवली.

कारखान्याच्या भिंतीकडेने जाताना काका दरवाजांची नावे सांगत गेले. बोरिया गेट, मरोदा गेट, जोरातराई गेट, खुर्सीपार गेट. मी म्हणालो, नावे गावांसारखी वाटतात. "गावंच होती ना साहेब. कारखाना आला, नावं दरवाजांवर राहिली." सोव्हिएत संघाबरोबर भिलाईचा करार झाला फेब्रुवारी १९५५ मध्ये. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. पुढल्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूर व दुर्ग यांच्यामध्ये राज्याची सीमा आली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. हा इतिहास मला ठाऊक होता. परंतु ज्या शेतांवर तो उभा राहिला त्यांची नावे मी रोज दरवाजांवर वाचत होतो आणि ती गावांची नावे आहेत, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

सेक्टरांतून फिरताना काकांनी मला देशाचा एक छोटा नकाशाच दाखवला. सेक्टर २ मध्ये अय्यप्पाचे मंदिर, सेक्टर ५ मध्ये बालाजीचे, सेक्टर ६ मध्ये कालीबाडी, गुरुद्वारा आणि जामा मशीद. पोलादासाठी माणसे देशभरातून आली आणि येताना आपापले देव घेऊन आली. आपल्यासारख्या घर सोडून राहिलेल्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको. रुळांचे तुकडे जोडून देशभर मार्ग घालणाऱ्या या गावात आधी माणसांची जोडणी झाली होती.

तेवढ्यात काका म्हणाले, "साहेब, आता डोळे मिटा. सरकार बदललं की मी सांगतो." मी डोळे मिटले. स्कूटर रेल्वेच्या पुलाखालून गेली, हादरे बदलले, वास बदलला, आवाज दुप्पट झाला. "बदललं," ते म्हणाले. डोळे उघडून पाहिले तर आम्ही पॉवर हाऊसच्या बाजूला आलो होतो. रुळांच्या दक्षिणेला कारखान्याची वसाहत. तिथले पाणी, दिवे, रस्ते, घरे कारखान्याचा नगर सेवा विभाग पाहतो. उत्तरेला कॅम्प १, कॅम्प २, सुपेला, बाजार, गॅरेजे, गोदामे; तिथला कारभार १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नगर निगमकडे, म्हणजे आपल्या भाषेत महानगरपालिकेकडे. कागदोपत्री शहर एकच. परंतु दिव्यांच्या खांबांची घडण, गटारांची बांधणी, घराघरांतले अंतर, सारेच रुळ ओलांडताना बदलते. हा दोष कोणा एकाचा नाही. एका बाजूचे शहर आधी आखले गेले आणि मग वसले, दुसऱ्या बाजूचे आधी वसले आणि त्याची आखणी करायला आम्ही लोक मागाहून आलो. पहिल्या शहराची धुणीभांडी, दुरुस्त्या, भाजीपाला आणि बांधकामे ज्यांच्या हातांवर चालतात, ती माणसे बहुतांशी दुसऱ्या शहरात राहतात.

पॉवर हाऊस स्थानकाजवळ काकांनी स्कूटरचा वेग कमी केला. ते रुळांकडे नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "इथंच झालं होतं साहेब, ब्याण्णवला." शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी हत्या झाली. त्यांच्या मागे कंत्राटी कामगारांचे आंदोलन चालू राहिले. कामावर परत घ्यावे, जगण्यापुरते वेतन द्यावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. १ जुलै १९९२ रोजी कामगार या स्थानकात रुळांवर बसले. पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले अनेक जण मारले गेले. मी हे वर्तमानपत्रांत वाचलेले होते. पण माझ्या नस्तीतले 'मजुरांची गर्दी' हे शब्द याच जागेपासून हाकेच्या अंतरावरच्या माणसांविषयी होते, याची जाणीव मला त्या सीटवर बसल्यावर झाली. एखाद्या ठिकाणच्या जमावाला 'अडथळा' म्हणण्यापूर्वी तिथे काय घडून गेले आहे, एवढे तरी अधिकाऱ्याने विचारून घ्यावे.

पुढच्या वळणावर चावडी होती. मराठी वाचकाला चावडी म्हटले की तलाठी, सातबारा आणि सारावसुली आठवते. छत्तीसगडात चावडी म्हणजे मजुरांनी कामाची वाट पाहत उभे राहण्याची जागा. सातचा सुमार असेल. दीडदोनशे माणसे होती. गवंड्यांच्या हातांत थाप्या आणि ओळंबे, कोणाच्या सायकलीला फावडे बांधलेले, बाजूला रेजांचा, म्हणजे मजूर स्त्रियांचा, वेगळा घोळका. काकांनी स्कूटर थांबवली मात्र, क्षणार्धात दहाबारा जण आमच्याभोवती गोळा झाले. साधारण चाळिशीची एक बाई पुढे झाली आणि माझ्याकडे पाहून तिने विचारले, "के झन लागही?" किती माणसे लागतील?

नोकरीतल्या इतक्या वर्षांत असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. गाडीतून उतरलेल्या साहेबाकडे लोक अर्ज घेऊन येतात. स्कूटरवरच्या माणसाकडे ती काम मागत होती. काकांनी आज काम नसल्याचे सांगितले तशी माणसे पांगली, पण ती बाई थांबली. काकांनी तिला छत्तीसगडीत बोलते केले. ती राजनांदगावकडल्या एका खेड्यातून पहाटेच्या लोकलने येत असे. स्थानकावरून चालत दहा मिनिटांत इथे. काम मिळाले तर संध्याकाळच्या गाडीने परत. न मिळाले तर दुपारच्या गाडीने. जागा दोन किलोमीटर लांब गेली तर? ती म्हणाली, की काम मिळेल की नाही हे ठाऊक नसताना रिक्षाला पैसे कोण घालणार? शिवाय ठेकेदार वाट वाकडी करून शेडपर्यंत येणार नाही. तो कामावर जाता जाता इथे थांबतो, चार माणसे घेतो आणि जातो.

समोरच्या टपरीवर चहा घेताना आणखी काही गोष्टी उलगडल्या. चहावाला मजुरांना उधारी देत होता. कोणता ठेकेदार मजुरी बुडवतो, हे त्याला पाठ होते आणि तो नवख्यांना सावध करत असे. सगळे उघड्यावर एकत्र उभे असल्यामुळे दिवसाचा दर साधारण ठरलेला राही. एकट्यादुकट्याला गाठून कमी दरात नेणे ठेकेदाराला जड जाई. म्हणजे माझ्या नकाशावर जो नुसता अडथळा होता, तिथे एक रोजगार केंद्र, एक पतपेढी आणि एक तक्रार निवारण कक्ष रोज सकाळी तीन तास चालत होता, आणि शासनाचा त्यावर एक रुपयाही खर्च होत नव्हता. पिण्याचे पाणी मात्र नव्हते. स्त्रियांसाठी आडोसा नव्हता. रस्त्याच्या कडेला उभे राहण्यातला धोकाही खराच होता. प्रस्ताव मांडणाऱ्याची चिंता खोटी नव्हती. त्याने शोधलेला उपाय तेवढा दुसऱ्याच जागेचा होता.

चहावाल्यानेच विचारले, "साब, ते कार्ड कसं निघतं?" १९९६ च्या कायद्यानुसार इमारत व इतर बांधकाम कामगारांची नोंदणी करून त्यांना कल्याण मंडळाचे लाभ द्यायचे होते. अट अशी, की आधीच्या बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस बांधकामावर काम केलेले असावे. रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्याला नव्वद दिवसांचा दाखला कोण देणार? आणि नोंदणीचे कार्यालय उघडण्याच्या वेळेला तो कुठेतरी विटा वाहत असतो. आमच्या कार्यालयाची वेळ आणि त्याची वेळ यांची गाठ कधी पडतच नव्हती.

त्या दिवशी कार्यालयात जाऊन मी जुनी टिप्पणी फाडली आणि नवी लिहिली. चावडी आहे तिथेच ठेवावी. रस्त्याच्या कडेची पट्टी सपाट करून मजुरांना उभे राहायला आणि वाहनांना थांबायला जागा काढावी. पाण्याची टाकी व स्त्रियांसाठी स्वच्छतागृह करावे. आणि महिन्यातून दोनदा सकाळी साडेसहा ते साडेआठ नोंदणीचे टेबल चावडीवरच लावावे. वरिष्ठांनी विचारले, की हे शहाणपण एकदम कुठून आले. मी खरे ते सांगितले. त्यांनी पुष्कळ वेळ माझ्याकडे पाहिले आणि सही केली.

पुढे काय झाले तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पट्टी झाली. पाण्याची टाकी बसली. नोंदणीचे टेबल काही महिने लागले आणि बऱ्याच जणांची कार्डे निघाली. स्वच्छतागृहाचा प्रश्न जागा कोणाची या वादात अडकला आणि तो सुटण्याआधी माझी बदली झाली. ते काम मी पहिले का धरले नाही, हा सल अजून आहे. जे काम सर्वांत निकडीचे, तेच नेमके दोन हद्दींच्या मध्ये पडते, हा अनुभव पुढे अनेक ठिकाणी आला.

अलीकडे एकदा भिलाईला जाणे झाले. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ आता ५३ झाला आहे, त्यावर उड्डाणपूल आले आहेत. काका आता नाहीत. त्यांच्या मुलाला विनंती करून सकाळी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो. चावडी भरलेली होती. आम्ही थांबताच एक तरुण पुढे आला आणि त्याने तोच प्रश्न केला. या खेपेस माझ्याकडे उत्तर होते. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या अंगणातली एक भिंत पडायला आली होती. मी म्हणालो, "दोन झन."