हेलिपॅडचे पाणी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येऊ लागले. त्याच आठवड्यात लातूर जिल्ह्यातील बेलकुंड येथे तेव्हाचे महसूलमंत्री एकनाथ खडसे यांचे हेलिकॉप्टर उतरणार म्हणून जमिनीवर सुमारे १०,००० लिटर पाणी मारले गेले. वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली. मीही संतापलो होतो. अब्बा मात्र शांतपणे म्हणाले, "पानी नहीं मारे तो पायलट को क्या दिखेगा, बेटा?"

अब्बांनी सिरसाळ्यात बरीच वर्षे टँकर चालवला. निवडणुकीच्या सभेसाठी रान भिजवायचे कामही त्यांच्याकडे एकदा आले होते. उन्हाळ्यात आमच्या काळ्या मातीची भुकटी होते. पंख्याचा वारा खाली आदळला की ती भुकटी उठते आणि जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर पायलटला जमीनच दिसेनाशी होते. आपण खाली चाललो की आडवे सरकतो आहोत, हे कळत नाही. अशा वेळी उतरण्याचा हट्ट सोडून वर जायचे, आणि ते धुरळ्यात पुरते बुडण्याआधी ठरवायचे. बरे, पाणी जास्त झाले तर त्याच मातीत चाके रुततात!

तारांचे तर आणखी अवघड. वरून खांब दिसतात, तारा दिसत नाहीत. २५ मे २०१७ रोजी निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन हेलिकॉप्टर उडाले, वारा बदलल्याचे पाहून पायलटने परत उतरायचे ठरवले आणि उतरताना ते तारांत अडकून कोसळले. सुदैवाने सगळे वाचले. त्यात मे महिन्याची गरम हवा विरळ, तिच्यात पंख्याला उचल कमी मिळते. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादला उड्डाण करणारे विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकले होते. ५५ माणसे गेली. धोका असा आपल्या रोजच्या वस्तूंतच असतो. कापूस, विजेची तार, रानातली माती.

म्हणून अब्बांचे म्हणणे मला पटते, पण अर्धेच. हेलिकॉप्टर यायचे ठरल्यावर पाणी मारावेच लागते, त्यात पायलटचा दोष नाही. पण लातूरहून बेलकुंड मोटारीने तासाभराचा रस्ता. हेलिकॉप्टरच कशाला, हा निर्णय कचेरीत होतो, आणि तिथे घागर घेऊन कोणी उभे नसते.

सिरसाळ्याच्या त्या सभेला घागरीवाल्या बायका टँकरमागे रानापर्यंत चालत आल्या होत्या. "भाईजान, हमारा नंबर कब?" एकीने विचारले. अब्बांनी वर बोट दाखवले. हेलिकॉप्टर खाली आले, कडेच्या कोरड्या पट्ट्यातून धूळ उठली, तसे ते झटकन वर गेले आणि फेरी मारून दुसऱ्या बाजूने उतरले. "समझदार आदमी है," अब्बा म्हणाले. मग त्यांना उरलेला पट्टा भिजवायचा हुकूम झाला. परतीच्या उड्डाणासाठी.

आमच्या मोहल्ल्यात टँकर त्या दिवशी रात्री दहाला आला.