चुकीमागचा नियम

दुसरी-तिसरीच्या वर्गात ५२ वजा ३८ हे उदाहरण घातलं, की काही पाट्यांवर हमखास २६ हे उत्तर दिसतं. शिक्षक म्हणून मीही बरीच वर्षं त्याला निष्काळजीपणा म्हणत आले. पण एवढ्या मुलांची एकसारखी चूक निष्काळजीपणाने होत नाही. मूल आठातून दोन आणि पाचातून तीन काढतं, कारण ‘लहानातून मोठी संख्या जात नाही’ हे आम्हीच त्याला सांगितलेलं असतं. त्या वाक्यावरून मुलाने स्वतःचा नियम बांधला, तो इमानाने पाळला आणि उत्तर चुकलं. मूल कोरी पाटी नसतं, जुन्या समजेवर नवी समज रचतं, हे मानसशास्त्रज्ञ पियाजेचं म्हणणं मला पटलं ते या २६मुळे. अशा वेळी ‘हातचा घे’ असं बजावून काम भागत नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेवून ‘यातून अडतीस दे’ म्हटलं, की एक गठ्ठा सोडण्यावाचून गत्यंतर नसतं. हातचा काय असतो, ते तिथे कळतं.

मूल आपली समज स्वतः रचतं हा विचार, म्हणजेच ज्ञानरचनावाद, २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळांपुढे ठेवला. पुढे ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्य सरकारच्या कार्यक्रमाच्या काळात, या पद्धतीने शिकवणाऱ्या साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. मात्र परतताना अनेकांनी बरोबर आणले ते फरशीवरचे रंगीत तक्ते आणि मणीमाळा. साहित्य हवंच, पण मणी मोजून झाल्यावर ‘तुला असं का वाटलं?’ हा प्रश्न आलाच नाही, तर मणीमाळ हीसुद्धा घोकंपट्टीच.

आक्षेप दोन, आणि दोन्ही वजनदार. पहिला असा, की मुलांना मोकळं सोडलं तर ती शिकत नाहीत. २००६मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी हेच मांडलं: नवशिक्याला पुरेसं मार्गदर्शन नसेल तर त्याच्या मनावर नको तितका भार पडतो. मला हे मान्य आहे. पण गठ्ठा पुढे ठेवणारी, नेमकं ५२ आणि ३८ निवडणारी शिक्षिका मुलाला मोकळं सोडत नसते. जाणत्याच्या मदतीने मूल आज जे करतं ते उद्या एकट्याने करेल, हे मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कीचं सूत्र मार्गदर्शनाचंच आहे. पाढेही पाठ हवेतच. फक्त समजेच्या आधी नकोत. दुसरा आक्षेप वेळेचा: एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता आणि वर अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई. ही अडचण खरीच. तरी न समजलेली वजाबाकी पुढे भागाकारात अडते आणि दशांशातही, तेव्हा वाचवलेला वेळ दामदुपटीने फेडावा लागतो.

म्हणून शिक्षकमित्रांना एवढंच सांगणं: फुली मारण्याआधी हे उत्तर कसं काढलंस, ते मुलाला विचारा. एवढं विचारायला फरशी रंगवण्याचा डबा लागत नाही.