‘मोठा श्वास घ्या’ असं मी आता म्हणत नाही

दवाखान्यात कुणी घाबरंघुबरं होऊन आलं, की बरीच वर्षं माझं एक वाक्य ठरलेलं असायचं. “काही नाही, मोठा श्वास घ्या.”

एका दुपारी एक शिक्षिका आल्या. छातीत धडधड, हातांना मुंग्या, श्वास पुरत नाही. ईसीजी, ऑक्सिजन, साखर, सगळं ठीक. शाळेत परीक्षांचं काम, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी नेहमीचं वाक्य बोललो आणि त्यांनी ते मनापासून पाळलं. पाच मिनिटांत त्यांची बोटं आखडून वाकडी झाली. “डॉक्टर, मला लकवा होतोय का हो?” त्या रडत म्हणाल्या.

चूक माझी होती. घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्यात आणखी मोठे श्वास घेतले, की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं. मग चक्कर, मुंग्या, बोटं आखडणं सुरू होतं. ऑक्सिजन कमी नसतोच.

मग मी त्यांच्यासमोर बसलो आणि दोघांनी मिळून फक्त श्वास सोडण्याकडे लक्ष दिलं. गरम चहावर हलकी फुंकर घालावी तसा, सावकाश. थोड्या वेळाने बोटं सैल झाली.

तुम्हीही मनगटावर नाडी धरून पाहा. श्वास घेताना ती किंचित जलद होते, सोडताना मंदावते. श्वास सोडताना व्हेगस ही नस हृदयाला लगाम घालत असते. प्राणायामात रेचक पूरकापेक्षा लांब ठेवायला सांगतात, ते मला तेव्हा कुठे नीट उमगलं.

माझी आई रोज तिन्हीसांजेला हरिपाठ म्हणायची. मी त्याकडे फक्त भक्ती म्हणून पाहिलं. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे 6 वर येते, असं त्यात दिसलं. एरवी ती 12 ते 20 असते. लयीत म्हणताना आईचाही श्वास आपोआप लांब सुटत असणार.

करायचं एवढंच. नाकाने 4 सेकंद शांतपणे श्वास घ्या, पोट फुगू द्या. मग 6 सेकंदांत हळूहळू सोडा. श्वास कोंडून धरू नका. गरगरलं तर थांबा. रोज पाच मिनिटं पुरेत. मी स्वतः पुढचा पेशंट आत येण्याआधी, हात धुताना असे तीन श्वास घेतो. सिग्नलला थांबल्यावर किंवा फोन उचलण्याआधीही जमतं.

मात्र छातीत दुखणं, दरदरून घाम, दम लागणं, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, असं असेल तर आधी ताबडतोब तपासणी. ते ‘टेन्शन’ आहे हे घरी ठरवू नका. बीपीच्या गोळ्याही आपल्या मनाने बंद करू नका.

त्या शिक्षिका अजून येतात, सासूबाईंची औषधं लिहून घ्यायला. घरची परिस्थिती तीच आहे. “वर्गात शिरण्याआधी दारात थांबून एकदा सावकाश श्वास सोडते,” त्या परवा म्हणाल्या. “मुलांवर ओरडणं कमी झालंय.”