जन्मतारखेचा रकाना

सरकारी नोकरीत शिरलो त्या दिवशी आमच्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी पक्क्या शाईने लिहिल्या गेल्या : आमचे नाव आणि आमची जन्मतारीख. पुढे बाकीचे सारे बदलत गेले. गाव बदलले, टेबल बदलले, वरिष्ठ बदलले, क्वचित पगारही बदलला. पण या दोन रकान्यांत एका अक्षराची दुरुस्ती करायची झाली तर केवढा पत्रव्यवहार करावा लागतो, हे वाचकांपैकी पुष्कळांना स्वानुभवाने ठाऊक असेल. म्हणूनच की काय, नटनट्यांच्या दुनियेची आम्हांला नेहमी मौज वाटत आली आहे. तिथे हे दोन्ही रकाने शिसपेन्सिलीने लिहिलेले असतात. नाव आवडीचे घ्यावे, वय सोयीचे सांगावे.

सिमोन सिन्योरे या फ्रेंच नटीने नाव बदलले. वय मात्र कधी लपविले नाही. सध्या ज्या परमुलखी गावी आमचा मुक्काम आहे, तेथील एका फिल्म सोसायटीने गेल्या हिवाळ्यात तिचे काही चित्रपट ओळीने दाखविले. पहिल्या रविवारी आम्ही गेलो ते केवळ रविवार जात नव्हता म्हणून. पुढल्या रविवारी मात्र वेळेआधी जाऊन बसलो.

तिचा जन्म 25 मार्च 1921 चा, जर्मनीतील वीसबाडेनचा. वडील आंद्रे कामिंकेर पोलिश ज्यू वंशाचे आणि भाषांचे मोठे पंडित. 1934 साली न्यूरेंबर्गला हिटलर बोलत असताना त्याच्या भाषणाचा फ्रेंच तर्जुमा रेडिओवरून तिथल्या तिथे करून सांगणारे गृहस्थ ते हेच. 1940 मध्ये फ्रान्स पडला आणि ते लंडनला निघून गेले. मागे राहिली पत्नी, दोन लहान मुलगे आणि एकोणीस वर्षांची ही थोरली मुलगी. घर चालविण्याचा भार हिच्यावर आला. तिने इंग्रजीच्या आणि लॅटिनच्या शिकवण्या धरल्या आणि मग एका वर्तमानपत्राच्या कचेरीत टंकलेखिकेची नोकरी पत्करली.

आम्हां कारकून मंडळींना इथे जरा थांबावेसे वाटते. हे पत्र चालवीत होता झां ल्युशेर नावाचा, जर्मनांशी हातमिळवणी केलेला संपादक. बाप लंडनला हिटलरच्या शत्रूंमध्ये आणि लेक पॅरिसला हिटलरच्या मित्राच्या कचेरीत यंत्र बडवीत बसलेली. शिवाय आडनाव असे, की त्या दिवसांत ते नुसते उच्चारणेही धोक्याचे. महिन्याच्या पगारासाठी माणूस कुठवर खाली मान घालून बसू शकतो, हा प्रश्न आमच्यापैकी कोणाला कधी पडलाच नाही, असे आम्ही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. तिने 1941 मध्ये ती नोकरी सोडली. ल्युशेरला पुढे 1946 मध्ये देशद्रोहाबद्दल गोळ्या घालण्यात आल्या. ती कचेरी तिला आपल्या चरित्रातून सहज गाळता आली असती. परंतु 1976 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेत तिने ती गाळली नाही.

कचेरी सोडून ती पोहोचली काफे द फ्लोरमध्ये. तिथे लेखक, चित्रकार, बेकार नट असा सगळा गोतावळा जमत असे. चित्रपटांत काम करावयाचे तर परवाना हवा, आणि कामिंकेर नावाच्या मुलीला तो मिळणे शक्य नव्हते. तेव्हा गर्दीतल्या बिनबोलीच्या भूमिका आणि आईचे माहेरचे आडनाव, सिन्योरे. आमच्याकडे रतन साळगावकर या मुलीची हंसा वाडकर झाली, त्याची इथे आठवण होते. त्या बाईंचे 'सांगत्ये ऐका' 1970 सालचे. दोघींच्या आठवणींचा आरंभ दुसऱ्या कोणाशी तरी बोलण्यातून झाला, आणि दोघींनीही फारशी झाकाझाक केली नाही.

युद्धानंतर तिला मोठ्या भूमिका मिळू लागल्या. 1951 मध्ये तिने गायक-नट इव्ह मोंतां याच्याशी लग्न केले, आणि पुढल्याच वर्षी झाक बेकेरचा 'कास्क दॉर' आला. पॅरिसच्या गुंडांच्या टोळीतली सोनेरी केसांची बाई आणि तिच्यापायी खून करून बसलेला एक साधा सुतार, अशी ती कथा. शेवटी प्रियकराचा शिरच्छेद पाहण्यासाठी ती समोरच्या घरातल्या खिडकीत रात्र काढते. पाते खाली येते आणि तिची मान लवते. तेवढेच. फ्रान्समध्ये या चित्रपटाचे स्वागत थंडपणे झाले. इंग्लंडने मात्र तो डोक्यावर घेतला.

इंग्लंडनेच तिला 'रूम ॲट द टॉप' हा चित्रपट दिला. त्यात ती एका महत्त्वाकांक्षी तरुणाहून वयाने मोठी असलेली आणि त्याने टाकून दिलेली स्त्री झाली. त्याबद्दल 1960 च्या एप्रिलमध्ये तिला ऑस्कर मिळाले. दोन्ही हेपबर्न आणि एलिझाबेथ टेलर त्या वर्षी स्पर्धेत होत्या. गंमत अशी की, डाव्या मंडळींत ऊठबस असल्यामुळे याच अमेरिकेने या दांपत्याला अनेक वर्षे दारात उभे केले नव्हते. आणि दैवाची थट्टा अशी की, त्याच वर्षी तिथे चित्रपट करीत असलेल्या मोंतांचे नाव मेरिलिन मन्रोशी जोडले गेले. पडद्यावरचा प्रसंग तिच्या घरी आला, आणि तोही साऱ्या जगातल्या वर्तमानपत्रांच्या देखत! तिने घर मोडले नाही.

राजकारणात ती चुकली, असे आमचे मत आहे. 1956 मध्ये हंगेरीत रशियन रणगाडे शिरल्यावर काही आठवड्यांतच हे दोघे मोंतांच्या गायनाच्या दौऱ्यासाठी मॉस्कोला गेले. ख्रुश्चेव्हबरोबर जेवताना त्यांनी हंगेरीबद्दल तोंडावर विचारले, हे खरे. पण जेवायला गेले हेही खरे. मात्र 1970 साली दोघांनी 'लाव्हू', म्हणजे 'कबुली', हा चित्रपट केला. प्रागच्या कम्युनिस्ट राजवटीने आपल्याच माणसांकडून खोटे जबाब कसे वदवून घेतले, हे त्यात दाखविले आहे.

तोवर चाळिशी उलटली होती, आणि चेहरा झपाट्याने उतरू लागला होता. मद्य आणि सिगारेट यांचाही त्यात वाटा होता. ते उगाच झाकण्यात अर्थ नाही. या टप्प्यावर नट्या दिव्यांची जागा बदलून घेतात. हिने भूमिका बदलल्या. 1971 च्या 'ल शा' मध्ये, म्हणजे 'मांजर' मध्ये, झां गाबँसमोर ती लंगडणारी म्हातारी बायको झाली. नवराबायको बोलत नाहीत, चिठ्ठ्या लिहितात. भोवतालची घरे पाडली जात आहेत. आणि नवरा मांजरावर जीव लावतो म्हणून ती त्या मांजराला मारते. तिचे वय तेव्हा अवघे पन्नास होते. घरी परतल्यावर आम्ही आरशाशेजारची कलपाची बाटली बराच वेळ हातात धरून उभे होतो. (फेकली नाही. फडताळात ठेवली.)

पण आम्ही सांगावयास बसलो ते शेवटच्या रविवारबद्दल. चित्रपट 1977 चा, 'ला व्ही दवां स्वा'. मादाम रोझा, आउश्वित्झमधून वाचलेली एक ज्यू वेश्या, आता थकलेली, सुजलेली, सहा जिने चढताना धापा टाकणारी, पॅरिसच्या गरीब वस्तीत इतर वेश्यांची मुले सांभाळते. मोमो हा अरब पोरगा तिचा सर्वांत लाडका. दारावरची घंटा वाजली की अजूनही तिच्या छातीत धस्स होते. तळघरात तिने लपण्यासाठी एक खोली गुपचूप राखून ठेवली आहे, आणि मरायलाही ती तिथेच उतरते. मोमो तिच्या मृतदेहापाशी बसून राहतो, चेहऱ्यावर रंग लावीत राहतो.

पस्तीसएक वर्षांपूर्वी आपले आडनाव लपवून जी मुलगी गर्दीतल्या भूमिका करीत होती, तीच ही स्त्री. त्या चेहऱ्यावर कामिंकेर हे नाव आता स्पष्ट वाचता येत होते. पुढे 1985 मध्ये तिने एक कादंबरी प्रसिद्ध केली. पूर्व युरोपातून पॅरिसला आलेल्या ज्यू कुटुंबांची ती कथा आहे. त्या सुमारास तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला ती वारली. पेर लाशेझच्या दफनभूमीत तिला पुरले, आणि 1991 मध्ये मोंतांही तिच्याशेजारी येऊन निजला.