दोघांची दुपार, रे रोडच्या आसपास

मुंबईत जोडप्याने फिरायचे म्हटले की मरीन ड्राइव्ह, गेटवे, बँडस्टँड ही नावे पुढे येतात. आम्ही रे रोडला राहतो. 1910 साली हार्बरची गाडी सुरू झाली तेव्हा ती कुर्ल्याहून इथवरच येत असे. आजूबाजूला गोदामे, वखारी आणि दारूखान्यातल्या जहाजतोडणीचा ठणठणाट. इथे फिरायला कोण येणार? पण आमच्या एका खोलीत सात माणसे आहेत. नवरा-बायकोला भांडायचे तरी कुजबुजत भांडावे लागते. म्हणून महिन्यातली एक दुपार आम्ही दोघांसाठी राखून ठेवतो.

सर्वांत जवळची राणीबाग; भायखळ्याच्या दिशेने पायी जाता येते. पेंग्विनपाशी मुलांची झुंबड असते, म्हणून आम्ही आधी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरतो. 1872 साली लोकांसाठी उघडलेल्या या इमारतीत जुन्या मुंबईचे नकाशे आणि कारागिरांच्या छोट्या मातीच्या प्रतिकृती आहेत. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. 1864 मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो पडून फुटला. पुढे तुकडे जोडून इथे उभा केला. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.

हिवाळ्यापासून मेपर्यंत शिवडी गाठावी. कॉटन ग्रीन सोडले की पुढचेच स्टेशन. जेट्टीवरून रोहित पक्षी दिसतात, मात्र भरतीची वेळ पाहून जावे. पूर्ण ओहोटीला ते दूर चिखलात असतात. जवळच शिवडीचा किल्ला आहे. 1689 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाच्या सैन्याने तो इंग्रजांकडून घेतला होता. समोर खाडीवरून 2024 मध्ये सुरू झालेला अटल सेतू जातो. भरतीची वेळ जुळली, तर असर पढून निघावे आणि मगरिबला घरी यावे.

आमची सर्वांत आवडती जागा भाऊचा धक्का. डॉकयार्ड रोडला उतरून थोडे चालले की उरणच्या मोरा बंदराची लाँच मिळते. साधारण तासाभराचा प्रवास. समुद्र खवळलेला असेल त्या दिवशी हा बेत करू नये. एरवी लाँचवर वारा असतो आणि इंजिनाच्या आवाजात शेजारच्या बाकाला आपले बोलणे ऐकू जात नाही. वेगळे घर घ्यावे की अम्मी-अब्बांसोबतच राहावे, हा दोन वर्षे टाळलेला प्रश्न आम्ही तिथेच बोललो. बायको मनातले बोलली, नवऱ्याने मधे न तोडता ऐकले. सोबतच राहायचे ठरले. आणि ही दुपार सोडायची नाही, हेही ठरले.

या सगळ्याला गाडीभाडे, तिकीट आणि दोन चहांपेक्षा फारसा खर्च नाही. लागते ती घरच्यांची साथ. म्हणून थोरामोठ्यांना विनंती आहे : सून-मुलगा दोघेच निघाले तर तोंडे फिरवू नका, नातवंडांना तेवढा वेळ सांभाळा. मन मोकळे करून आलेली माणसे घरातही गोडीने राहतात. आमच्या अम्मी तर हल्ली स्वतःच विचारतात, "या महिन्यात कधी जाताय रे?"